टी ऑर कॉफी? सूर कुठे उतरतो ते ऐका

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासांमध्ये एक नियम सर्रास सांगतात: प्रश्न विचारताना शेवटी सूर चढवायचा. पर्याय पुढे ठेवणाऱ्या प्रश्नात हाच नियम दगा देतो.

'वुड यू लाइक टी ऑर कॉफी?' यात 'टी'वर सूर चढवून 'कॉफी'वर उतरवला, तर दोन्हींपैकी एक सांगा, असा अर्थ होतो. 'कॉफी'वरही चढताच ठेवला, तर प्रश्न वेगळा: काही घेणार का? त्याला 'नो, थँक्स' हे सरळ उत्तर झालं, 'ज्यूस चालेल' असंही म्हणता येतं. पहिल्याला मात्र नुसतं 'येस' म्हटलं की यजमान कप हातात घेऊन बघत राहतो. आपण मराठीत 'की' आणि 'किंवा' यांवर हे काम सोपवून मोकळे होतो, त्यामुळे इंग्रजी ऐकताना सुराकडे लक्षच जात नाही.

हा चढउतार घडतो स्वरयंत्रात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने स्वरतंतू थरथरतात, पुरुषांचे सेकंदाला साधारण १२० वेळा, स्त्रियांचे २००च्या आसपास. कंठमणी ज्या कास्थीचा (हाडासारख्या पण लवचीक कूर्चेचा) भाग आहे, तिच्या खाली दुसरी गोल कास्थी असते. दोघींमधला क्रायकोथायरॉइड नावाचा छोटासा स्नायू आकसला, की त्या पुढच्या बाजूने जवळ येतात. स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि कंपनं वाढतात, सतारीची खुंटी पिळल्यासारखी, आणि सूर चढतो. स्नायू सैलावला की सूर उतरला. कंठमण्याखालच्या खाचेवर हलकेच बोट ठेवून 'आऽ' खालून वर न्या. खाच मिटत जाते ते बोटाला कळतं.

(संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हे कार्यशाळांमधलं लाडकं वाक्य इथे कृपा करून आणू नका. हा आकडा ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग बोलणाऱ्याच्या भावना ओळखण्यापुरते होते. 'टी' आणि 'कॉफी' हे शब्दच ऐकू आले नाहीत, तर सूर काय चाटायचाय?)

खरी गंमत फोनवर. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढंच जायचं. मग १२०चा सूर पोचायचा कसा? आवाजात १२०च्या पटीतली कंपनंही असतात: २४०, ३६०, ४८०, ६००. १२० आणि २४० ही दोन गळतात, ३६०पासून पुढची पोचतात. शेजारशेजारच्या दोहोंत अंतर १२०चं, आणि त्यावरून मेंदू १२०चाच सूर ऐकतो, जो कानापर्यंत आलेलाच नसतो. बोलणारा ९०वर उतरला की अंतरही ९० होतं. म्हणून 'कॉफी'वरचा उतार फोनवरही ओळखू येतो.