सिक्स-वन-नाइन (कुस्तीतील डाव)

सिक्स-वन-नाइन : अमेरिकी व्यावसायिक कुस्तीगीर रे मिस्टेरिओ (जन्म १९७४) याचा हुकमी डाव. ६१९ हा सॅन दिएगोचा टेलिफोन कोड. मिस्टेरिओ याच भागात वाढला. प्रतिस्पर्धी मधल्या दोरावर छाती टेकून, तोंड रिंगबाहेर करून पडलेला असतो. मिस्टेरिओ समोरच्या दोरांवरून वेग घेऊन धावत येतो, वरचा आणि मधला दोर घट्ट पकडतो आणि दोरांमधून पाय बाहेर काढत, अंग गर्रकन फिरवून त्याच्या तोंडावर लाथ हाणतो. त्यामागोमाग बहुधा दोरावरून झेप आणि चितपट. जपानचा पहिला टायगर मास्क (वाघाचा मुखवटा घालून लढणारा मल्ल), सातोरू सायामा, हेच वळण आधी निव्वळ हुलकावणी म्हणून घेत असे. मिस्टेरिओने त्याची लाथ केली.

दादर-शिवाजी पार्कला मल्लखांब पाहिलेल्याला यातली पकड चटकन कळेल. पण आधी ठरवून खेळल्या जाणाऱ्या या कुस्तीत डावाचे निम्मे काम मार खाणाऱ्याचे असते : दोरावर नेमक्या जागी पडायचे आणि थांबायचे. एवढा वेळ तो उठत का नाही, ही शंका रास्तच. मात्र तेवढ्या अवधीतच प्रेक्षक ‘सिक्स-वन-नाइन’चा गजर करतात, आणि खरी मजा त्यातच आहे.

मिस्टेरिओची उंची जेमतेम साडेपाच फूट. मेक्सिकोच्या लूचा लिब्रे या कुस्ती-परंपरेतला हा मुखवटाधारी आपल्या काकांकडून कुस्ती शिकला. १९९९ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती कंपनीने त्याचा मुखवटा उतरवला, तो २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या दुसऱ्या कंपनीत आल्यावर परत चढला. तो उतरवणे हा शुद्ध करंटेपणा होता. चेहरा झाकलेला असल्याने त्याचा सगळा अभिनय खांदे आणि मान करतात. रिंगकडे येताना मुखवटा घातलेल्या पोरांच्या कपाळाला तो कपाळ टेकवतो. २००६ च्या रॉयल रंबलमध्ये (तीस मल्लांनी एकमेकांना रिंगबाहेर फेकण्याची झुंज) तो तासाहून अधिक काळ टिकून जिंकला आणि त्याच वर्षी विश्वविजेता झाला.

मुंबईला ‘फ्रीस्टाइल’चे वेड जुनेच. पण दारा सिंग, किंग काँग या पहिलवानांच्या काळात लोक वजन पाहायला जमत. किंग काँग तर दोनशे किलोंच्या घरातला. केबलवर मिस्टेरिओ दिसू लागला आणि चाळीतल्या किरकोळ अंगाच्या पोरांनाही आपला माणूस सापडला. गॅलरीच्या कठड्यावर आणि गादीवर डावाची नक्कल होऊ लागली, घरच्यांचा ओरडाही बसू लागला. अडचण एकच : लाथ मारायला सगळे तयार, कठड्यावर पडून राहायला कोणी नाही.