चवळी कधी लोणी, कधी गणंग

कडधान्यांत चवळी तशी गुणी. राजम्यासारखी रात्रभर ताटकळत ठेवत नाही, वालासारखी सोलत बसायला लावत नाही. सकाळी आठवण झाली तरी दुपारच्या पानात उसळ पडते. पण हीच चवळी एखाद्या महिन्यात दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते आणि पुढच्या महिन्यात, त्याच कुकरात, पाच शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकचते. मग आपण कुकरच्या रिंगला दोष देतो, नाहीतर वाण्याला. वाण्याचा दोष असतोही कधीकधी. खरी गडबड मात्र दाण्याच्या आत, पेशींच्या भिंतींमध्ये असते.

चवळीच्या दोन्ही दलांत पिष्टाने भरलेल्या असंख्य पेशी असतात. विटांमध्ये चुना असावा तसं त्यांच्यामध्ये पेक्टिन असतं. पेरूची जेली घट्ट होते ती ह्याच पदार्थामुळे. पिष्ट साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला फुगून मऊ होतं, म्हणजे नुसतं पिष्ट शिजवायचं असतं तर कुकरची गरजच नव्हती. वेळ खातं ते पेक्टिन. ते सुटायला जास्त उष्णता लागते, आणि कुकरात पाणी १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून काम झटपट उरकतं. शिजलेला दाणा बोटांनी दाबला की त्याचं पीठ होतं, तेव्हा पेशी फुटलेल्या नसतात, एकमेकींपासून फक्त सुट्या झालेल्या असतात. पिष्ट बऱ्याच अंशी त्यांच्या आतच राहतं आणि पचायला वेळ घेतं. उसळ खाल्ल्यावर रक्तातली साखर भातासारखी झरझर वाढत नाही, त्याचं एक कारण हे.

आता न शिजणाऱ्या दाण्यांकडे वळू. ते दोन प्रकारचे असतात आणि भिजवलेल्या पातेल्यातच ओळखू येतात. चवळी पाण्यात पडली की आधी साल पाणी पिते आणि सैल होते, आतलं दल अजून कोरडंच असतं. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात दाण्यांवर सुरकुत्या दिसतात. मग दल फुगत जातं, सुरकुत्या पुन्हा ताणल्या जातात, आणि पाच-सहा तासांत दाणा जवळपास दुप्पट वजनाचा होतो. या सगळ्यात काही दाणे मात्र जसेच्या तसे, बारीक आणि गुळगुळीत, तळाशी बसून राहतात. हे खरे गणंग. फार कोरड्या हवेत वाळल्यामुळे त्यांची साल पाणी आतच घेत नाही. ते वेचून टाकावेत, शिजवून काही फरक पडत नाही.

दुसरा प्रकार फसवा. हे दाणे छान टम्म फुगतात, पण शिजत नाहीत. इथे साठवण नडलेली असते. उष्ण आणि दमट जागी, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात ओट्याखालच्या डब्यात, चवळी महिनोन्‌महिने राहिली की दाण्यातलं फायटेट हळूहळू मोडतं. या फायटेटने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवलेलं असतं. ते मोकळं होतं, पेक्टिनच्या साखळ्यांना जाऊन चिकटतं आणि त्या एकमेकींशी जखडून टाकतं. एकदा हे झालं की रात्रभर भिजवूनही फारसा उपयोग नसतो. म्हणून वर्षाची चवळी एकदम भरण्याऐवजी दोन-तीन महिन्यांपुरती आणावी, आणि फ्रिजमध्ये जागा असेल तर तिथे ठेवावी.

हेच कॅल्शियम पाण्यातूनही येतं. ‘आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ते आधी उकळून, गार करून, वरचं निवळ पाणी घेतलं तर बराचसा क्षार भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकूनही पेक्टिन पटकन सुटतं, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चव साबणासारखी लागते. मला तो सौदा पटत नाही.

मिठाबद्दल मात्र आपल्या स्वयंपाकघरात उलटा समज रुजला आहे. मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही, असं आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि पकड ढिली करतं. लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून चवळी भिजवा, मग ते पाणी ओतून द्या. साल मऊ होते आणि कमी फुटते. खरे अडवणारे दोघे वेगळेच आहेत, आंबट आणि गोड. आमसूल, चिंच, टोमॅटो यांच्या आम्लात पेक्टिन सहजी सुटत नाही. गुळातली साखरही शिजणं लांबवते, वर गुळात थोडं कॅल्शियम असतंच. तेव्हा दाणा पूर्ण मऊ झाल्याची खात्री करूनच आमसूल-गूळ घालावा. याचा फायदाही आहे. गोड्या मसाल्याची आंबटगोड उसळ दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केली तरी तिचा गाळ होत नाही.

चवळी वातूळ का, याचं उत्तर रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांत आहे. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथल्या जिवाणूंची चंगळ होते. वायू होतो तो त्यांचा. भिजवलेलं पाणी फेकल्याने या साखरा थोड्या कमी होतात. मोड आणल्याने जास्त, कारण कोंब फुटताना बीज पहिल्यांदा त्याच साखरा वापरतं. फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवलेली चवळी पोटाला हलकी वाटते ती त्यामुळे.

चवळी निवडताना सालीवर पांढरे ठिपके दिसले तर ते नीट बघा. ती भुंगेऱ्याची अंडी. मादी ती दाण्यावर चिकटवते, अळी अंड्याखालूनच थेट आत शिरते, दाणा खात वाढते आणि तीन-चार आठवड्यांनी गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. ही लागण कित्येकदा शेतातूनच आलेली असते. कडधान्याला एरंडेल चोळून ठेवायची आपली जुनी पद्धत इथे कामाला येते. तेलाच्या थरामुळे अंडी नीट चिकटत नाहीत, आणि जी चिकटतात ती गुदमरतात. एरंडेल नको असेल तर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनही भागतं.

चवळी मुळात आफ्रिकेतली, आणि आजही सर्वांत जास्त पिकते नायजेरियात. तिथला अकारा हा वडा घरी करून बघण्यासारखा आहे. चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढतात, डोळ्यासकट. मग कमीत कमी पाण्यात वाटून ते वाटण खूप फेटतात. चवळीतली प्रथिनं हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, त्यामुळे सोडा न घालताही वडा जाळीदार होतो. कांदा-मिरची आणि मीठ शेवटी, तळायच्या जरा आधी घालायचं, नाहीतर पाणी सुटून फेस बसतो. चवळीचं कोरडं पीठ भिजवून हे नीट जमत नाही. वाटण ओलं आणि ताजंच लागतं.