किंडल की कोबो? ‘ईपब चालतं’ आणि ‘लायब्ररीचं चालतं’ या दोन वेगळ्या गोष्टी

अमेरिकेतला मुलगा सुट्टीवर यायचा असला की बडोद्यातल्या मराठी घरांत हल्ली एक चौकशी होते : ई-पुस्तकं वाचायचं यंत्र म्हणून येताना ॲमेझॉनचं किंडल आणायला सांगू की कोबो? तंत्रज्ञानातला जाणकार भाचा लगेच सांगतो, “कोबोच मागवा मामा, त्यात ईपब चालतं, म्हणजे लायब्ररीची पुस्तकंही फुकट वाचता येतील.” त्यातली ईपबची माहिती बरोबर आहे. गोची त्या ‘म्हणजे’त आहे.

ईपब हा फाइलचा प्रकार आहे. एखादी छोटीशी वेबसाइट झिप करून ठेवावी, तशी त्याची आतली रचना असते. त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या मापाने नव्याने लागतात. कोबो ही फाइल थेट वाचतो. केबल जोडा, फाइल टाका, उघडा. किंडलमध्ये तीच फाइल केबलने टाकली, तर ती यादीत दिसणारही नाही. पण म्हणून ‘किंडलवर ईपब चालत नाही’ असं म्हणणंही आता जुनं झालं. 2022पासून ‘सेंड टू किंडल’मधून, म्हणजे आपली फाइल इंटरनेटवरून किंडलवर पाठवायच्या ॲमेझॉनच्या सोयीतून, ईपब पाठवता येतं. वाटेत ॲमेझॉन ते आपल्या फॉर्मॅटमध्ये बदलून घेतं आणि पुस्तक यंत्रावर उतरतं. उलट मोबी, जो एकेकाळी किंडलचा घरचा फॉर्मॅट, तोच या वाटेने आता घेतला जात नाही. घरात कॉम्प्युटर असेल तर कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर यातली बहुतेक अदलाबदल करून देतं. थोडक्यात, फॉर्मॅटचा प्रश्न कटकटीचा असला तरी सुटणारा आहे.

उसनं पुस्तक मिळणं हा मात्र कुलपाचा मामला आहे. लायब्ररीची ई-पुस्तकं बहुधा डीआरएम, म्हणजे परवानगीशिवाय न उघडणारं डिजिटल कुलूप, लावूनच येतात. ईपब मागितलं की हातात येते काही केबींची ‘एसीएसएम’ फाइल. तिच्यात पुस्तक नसतं, पुस्तक आणून देणारी चिठ्ठी असते. ती कॉम्प्युटरवर अडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडायची, मग खरं पुस्तक उतरतं, आणि मुदत संपली की आपोआप बंद होतं. कोबोला हे अडोबीचं कुलूप उघडता येतं, किंडलला येत नाही. नाव ईपबच असलं तरी ही फाइल ‘सेंड टू किंडल’मधूनही जात नाही.

मग किंडलवर लायब्ररी नाहीच? आहे की! अमेरिकेत 2011पासून ओव्हरड्राइव्ह या लायब्रऱ्यांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या सेवेची पुस्तकं किंडलवर उसनी मिळतात. तिच्या लिबी ॲपमध्ये पुस्तक निवडायचं, ॲमेझॉनच्या पानावर जायचं, पुस्तक किंडलच्याच फॉर्मॅटमध्ये येतं. ईपबचा संबंधसुद्धा येत नाही. म्हणजे ईपब थेट न वाचणारं यंत्र न्यू जर्सीत उसनी पुस्तकं देतं, आणि ईपब सुखाने वाचणारं कोबो बडोद्यात आणलं तर लायब्ररीच्या बाबतीत बहुधा हात हलवत बसतं. कोबोच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्ह आहे खरं, पण तेही ठरावीक देशांपुरतं, आणि वर त्या सेवेत असलेल्या एखाद्या लायब्ररीचं कार्ड हवं.

आपल्याकडे सयाजीरावांनी 1910मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातूनच उभी राहिली. पण तिचं कार्ड आहे म्हणून ई-पुस्तक उसनं मिळेल, असं धरून चालू नका. खात्री करायला पैसे लागत नाहीत : फोनवर लिबी टाका आणि आपण सभासद असलेल्या वाचनालयाचं नाव शोधा. नाव आलं नाही, तर लायब्ररीच्या सोयीसाठी म्हणून यंत्रावर जास्तीचा एक रुपया घालू नका. किंडलच्या बाबतीत आणखी एक : यंत्र कुठल्या देशातून आणलं याने फरक पडत नाही, ॲमेझॉनचं खातं कुठल्या देशाचं आहे याने पडतो. मुलाच्या अमेरिकी खात्यावर ठेवलंत तर त्याच्या तिथल्या लायब्ररीच्या कार्डावर उसनी पुस्तकं येऊ शकतात, पण दुकानही अमेरिकेचंच दिसतं. स्वतःच्या भारतातल्या खात्यावर नोंदवलंत तर उसन्याचा विषय संपला.

हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. मराठी वाचणाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल दुकानदारही बोलत नाही. मराठीत जे मोफत मिळतं, ते बहुतेक पीडीएफ. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं घ्या, ई साहित्य प्रतिष्ठानची घ्या, नाहीतर इंटरनेट अर्काइव्हवरचे जुन्या ग्रंथांचे स्कॅन. पीडीएफमध्ये पान जसं छापलं तसंच राहतं. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. सहा इंची यंत्राचा पडदा जेमतेम साडेतीन इंच रुंद आणि पावणेपाच इंच उंच. अख्खं पान बसवलं की बारा पॉइंटचं अक्षर सातच्या आसपास येतं. चाळिशी पार केलेल्यांनी ते वाचून दाखवावं! रूपांतर करायला जावं, तर स्कॅनमध्ये अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं. आणि युनिकोडपूर्व (रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवणाऱ्या जुन्या) फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफचं रूपांतर केलं की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. इथे किंडल आणि कोबो दोघेही सारखेच हतबल. मराठी विकिस्रोत हा त्यातला सुखद अपवाद, तिथून पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं.

विकत घ्यायचं म्हटलं तर किंडलच्या दुकानात 2016पासून मराठी आहे, आणि माझ्या मते फक्त मराठीसाठी यंत्र घेणाऱ्याला तेवढं कारण पुरेसं आहे. बुकगंगावर घेतलेली ई-पुस्तकं मात्र त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात, म्हणजे दोन्ही यंत्रं बाद. तुमची खरेदी मुख्यतः तिथली असेल, किंवा वाचन सगळं पीडीएफचं असेल, तर या भांडणात पडूच नका. बूक्स (Boox) कंपनीच्या यंत्रासारखं अँड्रॉइडवर चालणारं, कागदासारखा ई-इंक पडदा असलेलं दहा इंची यंत्र बघा. महाग आहे, पण त्यात लिबी, किंडल, बुकगंगा, सगळी ॲप्स टाकता येतात. कोबो मी सुचवीन तो ज्याच्याकडे कुलूप नसलेली ईपब ढिगाने आहेत आणि ज्याला ॲमेझॉनच्या वाटेला जायचंच नाही, अशाला.

कोबो घ्यायचाच ठरला, तर आणणाऱ्याला आधी एक मराठी ईपब मेल करा आणि यंत्रावर उघडून पानाचा फोटो मागवा. ‘दुसऱ्या’, ‘उद्ध्वस्त’, ‘ज्योत्स्ना’ असे शब्द असलेलं पान निवडा. जोडाक्षरं फुटलेली दिसली, तर यंत्रात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करून चांगला देवनागरी फॉन्ट टाकायला सांगा आणि पुन्हा फोटो मागवा. तरी तसंच दिसलं, तर परत करायची मुदत आहे तोवर तिथेच परत करून टाकू द्या.