कंपनीचं नाव काहीही असो, पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट करू नका
(वाहन विम्याच्या ग्राहकांसाठी, आमच्या फोंड्याच्या ऑफिसकडून)

हल्ली बजाज अलायन्झच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाला येणारे बरेच जण खुर्चीवर बसायच्या आधीच विचारतात, "पॉलिसीवर पयलीं अलायन्झ आशिल्लें, आतां ना. कंपनी पळून गेली जाल्यार?" प्रत्येकाला तेच सांगून आमचा घसा बसला, म्हणून हे पत्रक.

कंपनी कुठेही गेलेली नाही. तुमचा पॉलिसी नंबर, मुदत, नो क्लेम बोनस, सगळं जसंच्या तसं आहे. झालं ते एवढंच: 2001 साली पुण्यात बजाज आणि जर्मनीची अलायन्झ यांनी मिळून ही कंपनी काढली, तेव्हा अलायन्झचा हिस्सा 26 टक्के होता, कारण परदेशी कंपनीला त्यापेक्षा जास्त हिस्सा ठेवायला परवानगीच नव्हती. पुढे ती मर्यादा 2015 मध्ये 49 आणि 2021 मध्ये 74 टक्क्यांवर गेली. मार्च 2025 मध्ये बजाज समूहाच्या बजाज फिनसर्व्हने अलायन्झचा हिस्सा विकत घ्यायचा करार केला आणि त्यानंतर पाटीवरून अलायन्झ गेलं. भागीदार वेगळे होतात तेव्हा दुकानाची उधारी बुडत नाही, तसंच हे.

अलायन्झही काही कालची कंपनी नव्हे. 1890 मध्ये बर्लिनला कार्ल फॉन थीमे आणि विल्हेल्म फॉन फिंक यांनी ती सुरू केली. याच थीमे यांनी त्याआधी दहा वर्षं म्यूनिक री काढली होती. ती विमा कंपन्यांचाच विमा उतरवते, म्हणजे पुनर्विमा. अपघात आणि मालवाहतुकीच्या विम्यापासून सुरुवात करून तीनच वर्षांत अलायन्झने लंडनला शाखा काढली. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकच्या विमेकऱ्यांतही तिचं नाव होतं. इतिहास सगळा गौरवाचा आहे असं मात्र नाही. नाझी राजवटीत कंपनीचे प्रमुख कुर्ट श्मिट हिटलरच्या मंत्रिमंडळात अर्थव्यवहार मंत्री झाले. युद्धानंतर मुख्यालय म्यूनिकला गेलं, आणि आज जगभर पसरलेला तिचा कारभार तिथूनच चालतो.

"पण आमचे पैसे जर्मनीला गेले असतील तर?" हा पुढचा प्रश्न. गेलेले नाहीत. पॉलिसीधारकांचा निधी भारताबाहेर गुंतवायला विमा कायद्यात बंदी आहे, मग मालक पुण्याचा असो की परदेशातला. शिवाय देणी भागवून वर पुरेसा पैसा शिल्लक आहे की नाही, हे हैदराबादचं विमा प्राधिकरण तपासतं. ठरवून दिलेल्या किमान रकमेच्या दीडपट ठेवावाच लागतो. बाहेर जातो तो पुनर्विम्याचा हप्ता, आणि तो तुमच्याच फायद्याचा. पूर किंवा वादळात एकदम हजारो क्लेम आले की त्यातला भार आपली सरकारी पुनर्विमा कंपनी जीआयसी री आणि परदेशी पुनर्विमा कंपन्या उचलतात. आणि परदेशी नावाला बिचकणाऱ्यांसाठी सहज सांगतो: दोराबजी टाटांनी 1919 मध्ये काढलेली, आता सरकारी असलेली न्यू इंडियाही कितीतरी देशांत धंदा करते. तिथल्या लोकांना आपण परदेशीच.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाचं. क्लेम अडकतो तो कंपनीच्या नावामुळे क्वचितच. जून-जुलैत आमचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती एकच गोष्ट.

साखळी बाजारात वाळवंटी नदीचं पाणी चढतं, पणजीत 18 जून नावाच्या रस्त्यावर तासाभराच्या पावसात चाकं बुडतात. गाडी बंद पडते. मग माणूस काय करतो? किल्ली फिरवतो. एकदा, दोनदा, शेजारचा म्हणतो "आनीक एकदां मार" म्हणून तिसऱ्यांदा. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी गॅरेजमध्ये आल्यावर फिटर ऑइलची पट्टी काढून दाखवतो तेव्हा ऑइल काळं नसतं, फिकट तपकिरी, फेसाळ झालेलं असतं.

साध्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे तुमच्या गाडीचं आणि तुमच्यामुळे दुसऱ्याचं अशी दोन्ही नुकसानं भरणाऱ्या पॉलिसीत, पुराने झालेलं नुकसान मिळतं: सीट, वायरिंग, साफसफाई. पण पाणी शिरल्यानंतर स्टार्टर मारून इंजिन निकामी केलंत, तर ते तुमच्या कृतीने झालेलं पुढचं नुकसान धरलं जातं आणि इंजिनाचा खर्च तुमच्या खिशातून जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं जोडकलम असतं. ते नूतनीकरणाच्या वेळीच घ्यायचं. पाणी चढल्यावर फोन करून मिळत नाही. फार जुन्या गाड्यांना बहुतेक कंपन्या ते देतही नाहीत.

म्हणून तुमचा फोन आला की आम्ही आधी "कोणाला लागलं नाही ना?" आणि लगेच "स्टार्ट मारून बघितली का?" असं विचारतो. काहींना हा दुसरा प्रश्न पोलिसी वाटतो. वाटू दे. किल्ली काढा, जमलं तर बॅटरीची वायर सोडा, पाणी कुठवर आलंय त्याचा फोटो नंबरप्लेटसकट काढा आणि गाडी ढकलत किंवा टोइंगने हलवा.

दुसरी घाई ओळखीच्या गॅरेजवाल्याची. "खोलून ठेवतो, सर्वेअर (नुकसान तपासणारा) आला की दाखवू," असं तो चांगल्या मनाने म्हणतो. खोलू देऊ नका. ठरावीक रकमेवरच्या क्लेमला परवानाधारक सर्वेअरचा अहवाल कायद्यानेच लागतो, आणि आधीच सुटे केलेले भाग कशाने मोडले हे त्याला सांगता येत नाही. मग खुलासे, पत्रं, पुन्हा तपासणी. आधी क्लेम नंबर, मग सर्वेअर, मगच पाना.

"क्लेम पास झाला तरी पूर्ण पैसे का नाहीत?" रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा, म्हणजे भाग वापरून झालेली घट, कापतात, काचेवर काही नाही, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर हजार रुपये प्रत्येक क्लेमला आपलेच. झिरो डेप हे घसारा न कापण्याचं जोडकलम घेतलं असेल तर घसारा वाचतो, हजार मात्र जातात.

आम्ही रोख हप्ता घेत नाही, लिंक पाठवतो, यावरून कुरकुर होते. कंपनीकडे पैसे पोहोचल्याशिवाय विम्याचं संरक्षण सुरू होत नाही, म्हणून तसं करतो. खासगी नंबरची गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल तर ते आम्हाला आधी सांगा. क्लेमच्या वेळी कळलं तर आमच्या हातात काही राहत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नको. बाकीच्या भागात मात्र दोन-तीन कंपन्यांचे आकडे आम्ही समोर ठेवतो.

मृग लागायच्या आत पॉलिसीचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवा, आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल. इंजिन प्रोटेक्ट आहे की नाही ते बघून कळवतो, त्याचे पैसे नाहीत. चवथीला ऑफिस बंद असतं, पण क्लेमचा फोन चालू असतो.