जुना रोबो तपासायला देण्यापूर्वी

आम्ही खेळण्यातले जुने रोबो तपासून आणि दुरुस्त करून देतो. रोबो पुढे ठेवताना बहुतेकजण एकच विचारतात, "खरा आहे ना?" त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर क्वचित देता येतं. खरा आणि खोटा यांच्या मधल्या जागेत बरीच गर्दी आहे.

ट्रान्सफॉर्मर्सचंच घ्या, म्हणजे वळवून गाडी वगैरे होणाऱ्या रोबोंचं. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी १९८४ मध्ये बाजारात आणली, पण त्यांतल्या बऱ्याच रोबोंचे साचे त्याआधीचे, जपानच्या ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रो चेंज' मालिकांमधले. त्यामुळे अंगावर १९८० चा ठसा दिसला तरी रोबो १९८० मध्ये बनला असं ठरत नाही. ते साल हक्कांचं असतं, कारखान्यातून बाहेर पडल्याचं नव्हे. तापमानाने रंग बदलणारा, बोटाने घासून पाहायचा चौकोनी स्टिकर १९८५ पासून आला. म्हणून तोच रोबो स्टिकरसकट आणि स्टिकरविना, दोन्ही रूपांत अस्सल असू शकतो. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला आणि मेक्सिकोत आयजीए या कंपन्यांनी रीतसर परवान्याने काढलेल्या छोट्या रोबोंचे रंग तर इतके वेगळे आहेत की पाहणारा आधी नक्कलच समजतो.

आणि मग तो पिवळा 'बंबलजंपर'. बंबलबी आणि क्लिफजंपर या दोन छोट्या ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्डांवर, म्हणजे रोबो प्लास्टिकच्या फुग्यात बसवून विकतात त्या पुठ्ठ्यांवर, काही वेळा माझदा फॅमिलिया ही गाडी होणारा तिसराच रोबो पॅक होऊन गेला. याचं नाव छापील कार्डावर कुठेच नाही, संग्राहकांनीच ठेवलं. त्यात गोम अशी की रोबोइतकंच महत्त्व कार्डाला आहे. सुटा रोबो आणि जुनं रिकामं कार्ड एकत्र चिकटवून 'न उघडलेला' माल तयार करणं फार अवघड नाही. असं पॅकिंग आलं की आम्ही प्लास्टिकच्या फुग्याची कड आणि गोंद आधी पाहतो, रोबो नंतर.

नकलेचेही दोन प्रकार आम्ही वेगळे मानतो. मूळ खेळणं दुकानात असतानाच दुसऱ्या कुणी परवान्याविना काढलेला रोबो म्हणजे जुना बूटलेग. तो स्वस्तात खेळायला काढलेला होता. त्याचे विचित्र रंग, चुकीची डोकी, भलतीच नावं यांचाच आता छंद आहे, आणि खरं सांगायचं तर आमचाही जीव त्यांच्यावर आहे. आज बनवून, मुद्दाम मळवून जुना म्हणून खपवलेला रोबो मात्र वेगळा. पहिल्याला आम्ही 'जुना बूटलेग' लिहितो, दुसऱ्याला 'नवी नक्कल'.

नक्कल ओळखताना कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, सर्वांत जास्त कामी येतो. मूळ खेळण्यावरूनच साचा घेतला, की त्यातून निघणारं प्लास्टिक थंड होताना थोडं आकसतं. खेळण्यांचं एबीएस नावाचं कडक प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसतं. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या रोबोत एक मिलिमीटरचा फरक. डोळ्याला तो दिसत नाही, पण मूळचा हात त्या खांद्यात बसत नाही. ठशाची अक्षरंही बोथट होतात.

पत्र्याच्या रोबोंमध्ये ठसा जपून वाचावा. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (परकीय ताब्यातल्या जपानमध्ये बनलेला) हा शिक्का १९४७ ते १९५२ या काळातल्या मालाचा. मासुदाया या जपानी कंपनीचा रेडिकॉन रोबो १९५७ चा, तेव्हा त्यावर हा शिक्का कुणी दाखवला तर शिक्का मारणाऱ्याने वर्षं मोजलेली नाहीत. चीनमध्ये नव्याने बनलेले पत्र्याचे रोबो नवे म्हणून उजळ माथ्याने विकले जातात. खोका हरवला की त्यांचं वय अचानक वाढतं.

तपासायला देताना कृपया एवढं सांभाळा. बॅटऱ्या काढून ठेवा. धुऊ नका, रंगाचा हात देऊ नका, सैल सांधा स्क्रूने आवळू नका. पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवून आणू नका. आम्हाला त्या पिवळेपणावरूनही पुष्कळ कळतं. सोनेरी चमक असलेल्या प्लास्टिकचा रोबो तर हलवूनही पाहू नका. ते ठिसूळ होतं आणि वळवताना सांध्यापाशी बिस्किटासारखं तुटतं. असं तुटलेलं आम्हाला जोडता येत नाही.

सुटी क्षेपणास्त्रं, मुठी, बंदुका वेगळ्या पिशव्यांत द्या. प्रत्येक भागाची नोंद आम्ही स्वतंत्र करतो, कारण अस्सल रोबोच्या हाती नवी बंदूक नेहमीच सापडते. अहवालात मापं, ठसे, स्क्रू, स्टिकर आणि बदललेले भाग लिहिलेले असतील. 'दुर्मिळ' हा शब्द आम्ही लिहीत नाही आणि किंमतही सांगत नाही. त्यासाठी आग्रह धरू नये.