झेड काही अमेरिकेचा नव्हे

‘ऑर्गनाइझ’, ‘रिअलाइझ’ झेडने लिहिलं की अमेरिकन, एसने लिहिलं की ब्रिटिश, हा समज इतका मुरलाय की शुद्ध ब्रिटिश इंग्रजीच्या हट्टापायी लोक दिसेल तो झेड खोडत सुटतात. अमेरिकेत झेड चालतो हे खरं, पण तो तिथला नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ सालच्या लंडनच्या कोशात ‘सिव्हिलाइझ’ झेडनेच आहे. आणि अमेरिकन स्पेलिंगला वळण लावणारा नोआ वेब्स्टर जन्मला १७५८ साली! मूळ ग्रीक प्रत्ययातच झेड. एस आला फ्रेंचच्या वाटेने. ऑक्सफर्डचा कोश आजही झेडलाच पसंती देतो. ब्रिटनमध्ये एस जास्त दिसतो, इतकंच.

खरी गोची वेगळीच. ‘सरप्राइज’, ‘ॲडव्हर्टाइज’, ‘एक्सरसाइज’ यांत तो ग्रीक प्रत्यय नाहीच, म्हणून अमेरिकेतही एसच रूढ. ‘ॲनलाइज’ला मात्र अमेरिकेत झेड, ब्रिटनमध्ये एस, आणि इथे ऑक्सफर्डसुद्धा एसच्या बाजूने. ‘प्राइज’ची तर आणखी गंमत: बक्षीस दोन्हीकडे झेडनेच, पण झाकण उचकटायचं असेल तर ब्रिटनमध्ये एस.