मार्कअप भाषांची निवड आणि संकेतस्थळांची सुगम्यता

मजकुरातला मथळा कोणता, तक्ता कोणता, दुवा कोठे आहे हे संगणकाला कळावे म्हणून मजकुराला खुणा जोडणाऱ्या भाषेस मार्कअप भाषा म्हणतात. अंध वाचकाचे स्क्रीन रीडर याच खुणांच्या आधारे पान वाचून दाखवते. म्हणून सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता येण्याचा, विचार रंगरूपाच्या आधी, भाषेच्या निवडीपासूनच करावा लागतो.

टिम बर्नर्स-ली यांनी वेबपानांसाठी घडवलेल्या एचटीएमएल या मार्कअप भाषेला शिस्त लावण्यासाठी २००० मध्ये तिचे काटेकोर रूप, एक्सएचटीएमएल १.०, आले. त्याचे नियम काटेकोरपणे लावले, तर एक खूण बंद करायची राहिली तरी ब्राउझर पान दाखवण्याऐवजी त्रुटी दाखवतो. २०१४ मध्ये प्रमाण ठरलेली एचटीएमएल५ अशा चुका पोटात घालते, आणि सर्वसाधारण संकेतस्थळासाठी तीच सोयीची आहे. मात्र चित्राचे पर्यायी वर्णन, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचा मजकूर, द्यायचे राहिले, तरी डोळस लेखकाला त्याचा पत्ता लागत नाही.

लातूरच्या बाजारातील सोयाबीन व तुरीच्या दरांचा फलक छायाचित्र म्हणून पानावर टाकला, तर स्क्रीन रीडरला त्यातील एकही आकडा सापडत नाही. तेच दर तक्त्याच्या खुणांनी लिहून ‘आवक’, ‘किमान दर’, ‘कमाल दर’ हे स्तंभशीर्षक म्हणून नोंदवले, तर प्रत्येक आकडा आपल्या शीर्षकासह ऐकू येतो. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची गत छायाचित्राहून फारशी बरी नाही, कारण डोळ्यांना तो मराठी दिसत असला तरी आत साठवलेली असतात ती इतर चिन्हे, आणि उच्चारली जातात तीच.

मराठी व हिंदी यांची लिपी एक असल्याने पानाची भाषा मराठी असल्याचे ‘एमआर’ या संकेताने सांगावे लागते. एरवी मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाण्याचा संभव असतो. मराठवाड्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्याने येथील जुने दस्तऐवज उर्दू व मोडीतही आढळतात, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथे उर्दू वाचकवर्ग आजही मोठा आहे. मराठी पानात उर्दू उतारा घेताना त्याची भाषा स्वतंत्रपणे नोंदवावी लागतेच, शिवाय उजवीकडून डावीकडे अशी दिशाही द्यावी लागते. दिशा चुकली की वाक्यातील विरामचिन्हे व आकडे भलत्याच जागी जातात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले असले, तरी मोडी दस्तऐवजाच्या चित्राखाली देवनागरी लिप्यंतर देणेच अधिक उपयोगाचे, कारण मोडी वाचता न येणाऱ्या डोळस वाचकालाही तेच लागते.

सुगम्यतेचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. त्यांच्या मधल्या, म्हणजे एए पातळीवर साध्या आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक अपेक्षित आहे, तर केवळ कळफलकावर पान वापरता येणे ही अट पहिल्याच पातळीवर येते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे.